तिकीटखिडकी

प्रिय पोरी,

वर आधी ‘प्रिय सूनबाई’ लिहिलं होतं. मग तो कागद फाडला आणि नवा घेतला. त्यावरही हात आपोआप तेच लिहून गेला, म्हणून तोही फाडला. आता जे जमलं ते हे आहे. असं का, ते पुढे येईलच. मी मुद्द्यावर यायला वेळ लावते हे तुला काही नवीन नाही.

फोन का नाही केला म्हणशील. अगं, फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? ‘आई, गोळी घेतली का, आई, गॅस बंद केलात ना, आई, आवाज असा का येतोय,’ यात निम्मा फोन संपतो आणि उरलेल्या निम्म्यात मी नुसती ‘हो हो’ करत बसते. शिवाय प्रशिक्षणाच्या त्या वसतिगृहात तुझ्या खोलीत आणखी मास्तरणी आहेत. त्यांच्यासमोर रडलीस तर तुला लाज वाटेल, आणि नाही रडलीस तर मला वाईट वाटेल. म्हणून पत्र. एकटी असशील तेव्हा वाच, आणि कृपा करून शेवटचं पान आधी वाचू नकोस. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला तेवढा धीर असायला हवा.

जाताना तू दारात उभी होतीस. एक पाय बुटात, एक बाहेर, खाली गाडीवाला हॉर्न वाजवतोय, आणि तेवढ्यात तू मला सांगितलंस, ‘आई, तुम्ही राहायला येणार असाल तरच ते घर बांधायचं. नाहीतर मला घरही नको आणि लग्नही नको. परत आले की सांगा.’ आणि गेलीस. असली वाक्यं माणसानं निदान दोन्ही बूट घालून तरी बोलावीत. मी बराच वेळ दार धरून उभी होते. तेव्हापासून पेन्सिलकाकांचा रोज फोन येतो. (आमच्या ऑफिसातल्या आर्किटेक्टना तू ठेवलेलं हे नाव आता त्यांच्या बायकोपर्यंत पोचलंय बरं का.) ‘ताई, तुमच्या सुनेच्या घराचं काय? कोणत्या खोल्या, केवढ्या, कशाशेजारी काय, एवढं सांगा, की मी रेघ मारायला बसतो.’ इतकी वर्षं मीच त्यांच्या मानगुटीवर बसून शिकवलं की गरजा कळल्याशिवाय पेन्सिलीला हात लावायचा नाही. आता त्यांनी तो नियम माझ्यावरच उलटवलाय. म्हणजे तुझं हे दुसरं लग्न माझ्यापाशी अडलंय आणि त्यांची पेन्सिलही माझ्यापाशीच अडलीय.

तसं पाहिलं तर माझी सगळी नोकरी दुसऱ्यांना हेच विचारण्यात गेली. शेजारच्या काकू अजूनही मला जागेची दलाल समजतात आणि भाच्यासाठी भाड्याची खोली आहे का म्हणून विचारतात. त्यांना समजावणं मी सोडून दिलंय. तू मात्र लग्न होऊन आल्या आल्या विचारलं होतंस, ‘आई, तुम्ही नक्की करता काय?’ मी म्हटलं होतं, घर बांधायच्या आधी त्या घरात राहून बघते. तुला ते इतकं आवडलं की तू वर्गात जाऊन मुलांना सांगितलंस. खरं तर त्यात जादू काही नाही. ‘तुम्हाला काय हवं’ असं विचारलं की लोक म्हणतात, मोठं हवं. सगळ्यांनाच मोठं हवं असतं. म्हणून मी ते विचारतच नाही. मी म्हणते, काल काय केलंत ते सांगा. उठल्यापासून. कुठे बसलात, कुठे उभे राहिलात, हातात काय होतं, कोणाला हाक मारावी लागली. माणूस आधी लाजतो आणि मग सांगत सुटतो. त्यानंतर मोकळ्या जागेवर खुंट्या ठोकायच्या, सुतळी बांधून खऱ्या मापाच्या खोल्या आखायच्या आणि त्यांना म्हणायचं, आता तुमचा कालचा दिवस इथे करून दाखवा. बोलताना माणूस काहीही बोलतो. चालायला लागला की खरं काय ते कळतं.

एक शेवटचा प्रश्न मात्र मी फार उशिरा विचारायला शिकले. या इमारतीत काय नको? हवं ते सगळेच सांगतात. नको ते विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

सध्या फायर ब्रिगेडचं काम चाललंय ते तुला ठाऊकच आहे. मी घरी आले की डिझेलचा वास येतो म्हणून तू मला थेट अंघोळीला पिटाळायचीस. त्यांचं जुनं केंद्र पडायला झालंय, नवं बांधायचंय. तिथले प्रमुख म्हणजे आधी मिशा दिसतात, मग आवाज ऐकू येतो आणि माणूस त्यानंतर कधीतरी. त्यांची एकच अट होती आणि ती त्यांनी मूठ आपटून सांगितली: जेवायचं टेबल बंबाशेजारीच हवं. जुन्या केंद्रात ते तसेच जेवतात. गॅरेजमध्ये बंबाच्या चाकाला लागून एक लांब टेबल, भिंती धुरानं काळ्या, आणि ताटावर एक हात आडवा धरून घास घेणारी ती धट्टीकट्टी माणसं. मागे जेवणाची चांगली खोली आहे, पण तिच्यात जुने पाइप भरून ठेवलेत. मी विचारलं, असं का? प्रमुख म्हणाले, ‘बाई, ही आमची रीत आहे. आमच्या आधीचेही इथंच जेवायचे. फायरमन बंबापासून लांब बसत नाही.’ ऐकायला किती छान वाटतं! मी ते लिहून घेतलं. गॅरेज थोडं रुंद धरा, असं पेन्सिलकाकांना सांगायच्या बेतातही होते.

त्याच आठवड्यात आपण तिघं प्लॉटवर गेलो. तू, मी आणि तुझे डॉक्टर. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर म्हटलं की तुला राग येतो, पण मी ते कौतुकानं म्हणते. पहिल्या भेटीत ते माझ्याशी ज्या हळू आवाजात, तळहात उघडा ठेवून बोलले, तेव्हाच मला संशय आला होता की घाबरलेल्या मांजराशीही हे गृहस्थ असंच बोलत असणार. उपाय लागू पडला, एवढं कबूल करते. तर त्या दिवशी ते खुंट्या ठोकत होते, तू सुतळी बांधत होतीस आणि मी विटांच्या ढिगावर उभी राहून मुकादमासारखी ओरडत होते. खोल्या आखून झाल्यावर मी तुला म्हटलं, चल, कालची सकाळ करून दाखव. तू नसलेल्या दारातून आत आलीस, चपला काढल्यास, नसलेल्या ओट्याशी उभी राहिलीस आणि हवेत चहा ढवळायला लागलीस. रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबून बघत होती, ते तुला दिसलंही नाही. चहा ढवळता ढवळता तू मान डावीकडे वळवलीस. परत ढवळलास, परत वळवलीस. त्या बाजूला, सुतळीच्या पलीकडे, माझी खोली होती. तू म्हणालीस, ‘आई, इथे एक खिडकी हवी. ओट्यापाशी उभं राहून तुमच्या खोलीतलं दिसायला हवं.’ डॉक्टरांनी लगेच दोन विटा आणून खिडकीची जागा केली.

मी तेव्हा बोलले नाही, पण बघत होते. ऊन सगळ्यात छान माझ्या खोलीत. मोरी माझ्या खोलीजवळ. दारातून आत आल्यावर पहिली खोली माझी आणि बाकीचं घर तिच्याभोवती वळसा घालून गेलेलं. डॉक्टरांना मी म्हटलं, तुमचा कालचा दिवस दाखवा, तर ते म्हणाले, ‘मला काय, कुठेही चालेल. बाहेर एक नळ द्या, हातपाय धुवायला.’ आणि त्या नळाच्या खुंटीपाशी ते शेवटपर्यंत उभे राहिले, सुतळीच्या बाहेर. ‘मला कुठेही चालेल’ म्हणणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. इमारत उभी राहते तेव्हा त्यांची खुर्ची हमखास जिन्याखाली सापडते. मला हे सगळं दिसत होतं आणि तरी मी गप्प बसले. कारण खरं सांगू? मला फार बरं वाटलं होतं. नवरा कधीच गेला, मुलगा गेला, आणि तरी कोणीतरी नवं घर आखताना म्हणतं की ओट्यापाशी उभं राहिल्यावर आधी आई दिसायला हवी! मी घरी येऊन गुणगुणत भांडी घासली. तू विचारलंसही, आज स्वारी खुशीत का? मी काहीतरी थाप मारली.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. फायर ब्रिगेडच्या नव्या जागेवर आम्ही सुतळी बांधली. मी जेवणाची जागा दोनदा आखली. एक बंबाला लागून, त्यांच्या रीतीप्रमाणे, आणि एक मागे, जिथे झाडं आहेत आणि धूर पोचत नाही तिथे. प्रमुखांना म्हटलं, डबा आणा आणि दोन्हीकडे बसून जेवा. पुढे ते मजेत जेवले. मागे बसल्यावर एक घास घेतला आणि मान वर केली, कान टवकारले. परत घास, परत कान. मी विचारलं, काय ऐकताय? म्हणाले, ‘घंटा.’ अहो, या माळावर कुठली घंटा? ते स्वतःच गोंधळले. मग त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला हाक मारली, आठवून आठवून दोघं बोलले आणि हळूहळू उलगडा झाला. जुन्या केंद्रातल्या जेवणाच्या खोलीत पूर्वी घंटा होती. ती कधीतरी बंद पडली आणि कोणी दुरुस्त केली नाही. तेव्हाच्या लोकांनी काय केलं, तर टेबल उचललं आणि जिथे गॅरेजमधली घंटा ऐकू येते तिथे नेऊन ठेवलं. ते लोक निवृत्त झाले, टेबल तिथेच राहिलं आणि त्याची रीत झाली. प्रमुख मिशा हलेपर्यंत हसले. ‘म्हणजे इतकी वर्षं आम्ही एका वायरीपायी धूर खाल्ला म्हणायचा!’ त्यांना टेबल बंबाशेजारी नकोच होतं. घंटा ऐकू यायला हवी होती, बस.

आमच्या कामात ही चूक पावलोपावली होते. जुन्या इमारतीत काहीतरी अडतं, माणसं त्यावर तोडगा काढतात, तो तोडगा अंगवळणी पडतो आणि नवी इमारत बांधायची वेळ आली की तोच तोडगा गरज म्हणून सांगतात. मनापासून सांगतात, खोटं नाही बोलत. असं काही पकडलं की मला फार आनंद होतो. त्या दिवशीही मी ऐटीत घरी आले, चहाचं आधण ठेवलं, ओट्याशी उभी राहिले आणि मान डावीकडे वळवली.

डावीकडे आपली खिडकी आहे. मी तशीच उभी राहिले. चहा उतू गेला, तो तुझ्या आवडत्या फडक्यानं पुसावा लागला, त्याबद्दल आत्ताच माफी मागते.

आठवतं ना, ती खिडकी कशी झाली ते? तो आजारी पडला, पलंग आतल्या खोलीत मावेना म्हणून पुढच्या खोलीत टाकला. मग एकदा मिक्सर चालू होता आणि त्याची हाक आपल्याला ऐकूच गेली नाही. काही झालं नाही, त्याला नुसतं पाणी हवं होतं. पण तू तशीच पायात चपला अडकवून गेलीस आणि गवंड्याला घेऊन आलीस. मालकाला विचारलं नाही, मला विचारलं नाही. घरभर धूळ, भिंतीला भगदाड, ना चौकट ना गिलावा. अजूनही त्या कडेवर कोपर खरवडतं. त्यानं तिचं नाव तिकीटखिडकी ठेवलं. पडल्या पडल्या आवाज द्यायचा, ‘एक चहा, एक सूप, परतीचं तिकीट नको.’ तू त्याच्यावर डाव उगारलास, आणि मग आपण तिघंही हसलो. माझा मुलगा मरायला टेकला होता आणि मी हसले होते, पोरी, ते तुझ्यामुळे. तेव्हापासून आपण मिक्सरला जुना टॉवेल गुंडाळला. बोलायचं ते हळू. जेवायचं ते ओट्याशी उभ्यानं, आळीपाळीनं, म्हणजे एक जण कायम खिडकीशी. ते सगळं बरोबर होतं. तेव्हा तीच गरज होती.

मग तो गेला. भाड्याचा पलंग परत गेला. आणि आपण काय केलं? काहीच नाही. मी माझं कामाचं टेबल नेमकं त्याच कोपऱ्यात आणून ठेवलं. विचारणाऱ्यांना सांगते, तिथे उजेड चांगला येतो. तू ओट्यापाशी उभी राहून मान वळवतेस, मी दिसले की म्हणतेस, ‘आई, चहा?’ आपण अजून उभ्यानं जेवतो. अजून हळू बोलतो. मिक्सरला अजून टॉवेल आहे. दोन चांगल्या धडधाकट बायका, आणि घर मात्र आजाऱ्याचं. त्याची जागा रिकामी राहू नये म्हणून मी तिथे जाऊन बसले आणि तू माझी राखण करत राहिलीस. आता ती जागा आपण नव्या घरातही नेत होतो, खिडकीसकट. तुझ्या लग्नाच्या घरात! आणि मी, जिला लोक याच कामाचे पैसे देतात, ती विटांच्या ढिगावर उभी राहून खूश होत होते.

रागावू नकोस. तू माया केलीस, दुसरं काही नाही. तुझ्या मायेची मला इतकी सवय झाली की तिच्यासाठी मी आजारीसुद्धा पडले असते, एवढं मला स्वतःशी कबूल करावं लागलं.

मग मी काय केलं, तर स्वतःला समोर बसवून विचारलं, बाई, तुझा कालचा दिवस सांग. निघालं ते असं: सकाळी पेन्सिलकाकांशी भांडण, बस चुकली म्हणून दुसरी बस, माळावर सुतळी, फायरमनांच्या डब्यातलं जेवण, परत येताना जिन्यात काकूंशी गप्पा, संध्याकाळी पाय दुखले म्हणून गरम पाणी. त्यात राखण करण्यासारखं मला काही सापडलं नाही. संध्याकाळ मोठी वाटते, ते खरं आहे. तू नसतेस म्हणून वाटते. पण म्हणून काही भिंतीला भगदाड पाडायला नको. दुसऱ्या दिवशी मी काकूंना हाक मारली आणि आम्ही दोघींनी माळ्यावरचं जेवायचं टेबल खाली काढून पुढच्या खोलीत मधोमध ठेवलं. काकू दमल्या आणि भाच्याच्या खोलीची पुन्हा आठवण करून गेल्या. मग मी मिक्सरचा टॉवेल काढला आणि तो चालू केला. केवढा आवाज करतो गं तो! मी दचकलेच. मग रडले. मग टेबलाशी बसून सूप प्यायले आणि जेवले.

डॉक्टर येऊन गेले परवा. काकूंच्या मांजरासाठी आले होते असं म्हणाले, पण मांजर ठणठणीत आहे. त्यांना त्या टेबलाशी बसवून चहा दिला आणि विचारलं, काल काय केलंत? आधी तेच, मला काय, कुठेही. मी म्हटलं, हे उत्तर मी घेत नाही. मग बोलले. दुपारचं गाडीतच जेवतात. दवाखाना बंद केल्यावर पायरीवर बसून राहतात, कारण घरी जाऊन दिवा लावायचा कंटाळा येतो. आणि मग म्हणाले, ‘मला भाजी निवडायला आवडते. ती स्वयंपाक करेल तेव्हा मी तिथंच बसून निवडून देईन. ती शाळेतलं काहीतरी सांगेल.’ मी विचारलं, हे तिला बोललात का? तर म्हणाले, ‘नाही. त्या दिवशी प्लॉटवर ती दुसरीकडे बघत होती.’ तक्रार म्हणून नाही हं, अगदी मांजराची नाडी सांगावी तसं सांगितलं. जाताना म्हणाले, ‘आई, तुम्ही या राहायला. मनापासून म्हणतो. तुम्ही आला नाहीत तर ती येणार नाही, आणि ती आली नाही तर मी त्या नळाचं काय करू?’ माणूस चांगला आहे. त्यांनी मला पहिल्यांदाच आई म्हटलं.

तेव्हा घराच्या गरजांपैकी पहिली मी पेन्सिलकाकांना सांगून टाकलीय. ओट्याच्या डावीकडे खिडकी नाही, एक बाक. भाजी निवडणाऱ्याला पाय पसरून बसता येईल असा. तू मान वळवणारच आहेस, ती सवय काही आता जायची नाही. वळवलीस की ते दिसू देत.

आता माझ्या खोलीचं. त्या फायरच्या प्रमुखांना मी शेवटचा प्रश्न विचारला होता, या इमारतीत काय नको? मला वाटलं, साहेबांचं ऑफिस नको म्हणतील. ते म्हणाले, ‘आमची घरं नकोत.’ जुन्या केंद्रात वरच्या मजल्यावर त्यांची कुटुंबं राहतात. घंटा झाली की बायकापोरं खिडकीत येतात, बंब परत येईपर्यंत तिथून हलत नाहीत. ‘घर लांब पाहिजे, बाई. तरच आगीतून घरी गेल्यासारखं वाटतं. इथंच राहिलो तर जाणार कुठे?’ मी ते लिहून घेतलं आणि बसमध्ये बसल्यावर मला तू आठवलीस, हातात बॅग घेतलेली.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुमचं लग्न नवं होतं. तुझी जुनी सायकल त्यानं न विचारता कोणालातरी देऊन टाकली आणि तुमचं कडाक्याचं भांडण झालं. मी भाजी घेऊन जिना चढत होते, तर तू वर दारात उभी. हातात तीच बॅग, जी घेऊन तू आमच्या घरी आली होतीस. मी खालच्या वळणावर थांबले, तुला दिसले नाही. तू खाली उतरायला पाय टाकलास आणि मागे घेतलास. परत टाकलास, परत घेतलास. इतर मुली रागावल्या की माहेरी जातात. आईच्या हातचं खातात, नवऱ्याच्या नावानं बोटं मोडतात, आणि राग निवला की येतात परत. तुझे आईवडील तू लहान असतानाच गेले, तू वाढलीस वसतिगृहात. तुला जायला जागाच नव्हती. थोडा वेळ उभी राहिलीस आणि आत गेलीस. मी वर आले तेव्हा तू कांदा चिरत होतीस, त्यामुळे डोळ्यांचं काही विचारायची सोय नव्हती. तेव्हा मला फार वाटलं, हिला म्हणावं, चल, मी तुझी आई, माझ्याकडे ये. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? मी तर सासू, दुसऱ्या पक्षाची!

आज मी दुसऱ्या पक्षाची नाही. म्हणूनच तुझ्या घरी राहायला येणार नाही. अगं, थांब, पूर्ण वाच. मी रुसलेले नाही, त्यागबिग तर मुळीच करत नाही. तो मला जमत नाही हे तुला माहीत आहे. उद्या खरंच अंथरूण धरलं तर बोऱ्याबिस्तरा घेऊन येईन आणि तुम्हा दोघांना नकोसं करून सोडीन. त्यासाठी उन्हाच्या बाजूची जागा मोकळी ठेवायला सांगितलीय. आज तिथे फुलझाडं लावा, वेळ आली की खोली बांधा. पण आज मी तिथे आले, तर त्या घरात तुला सगळं असेल आणि एक गोष्ट नसेल. कधीतरी डॉक्टरांशी तुझं वाजेल. वाजायलाच हवं, इतका शांत माणूस फार दिवस सोसवत नाही. तेव्हा तू बॅग भरशील आणि जाशील कुठे? ओट्यापासून माझ्या खोलीपर्यंत? आजवर कितीतरी इमारतींच्या गरजा मी ठरवल्या, प्रत्येक गोष्टीला कुठे ना कुठे जागा केली. तुझी ही एकच गरज अशी निघाली की ती त्या प्लॉटवर बसतच नाही. माहेर त्याच घरात ठेवता येत नाही, पोरी. ते लांब लागतं.

तर हे पत्र त्यासाठी. पुढच्या खोलीत माझ्या टेबलाच्या जागी तुझ्यासाठी पलंग टाकलाय आणि बॅग ठेवायला कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केलाय. गवंड्याला सांगून ठेवलंय, खिडकी बुजवायचीय, पण तू आल्याशिवाय हात लावायचा नाही. पाडताना तू मला विचारलं नव्हतंस, बुजवताना मी तुला विचारते आहे. लग्नात मी तुझ्या बाजूला उभी राहणार, मुलीची आई म्हणून, आणि डॉक्टरांना माझा थोडा धाक वाटेल असं वागणार. म्हणून ते ‘सूनबाई’ लिहिलेले कागद फाडले. या घराची किल्ली तुझ्याकडे आहे ती परत करायची नाही. भांडण झालं की ये. नाही झालं तरी ये.

तुझीच,
आई